शेळी एका वहीत, हिशोब दुसऱ्या वहीत? दोन विषय जोडून शिकण्याविषयी थोडं



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या गटांना किती प्रशिक्षणं झाली, जरा आठवून बघा. दशसूत्रीचं झालं, वह्या लिहिण्याचं झालं, शेळीपालनाचं झालं, मसाले-पापडाचं झालं, बँकेच्या कागदपत्रांचं झालं. प्रत्येकाचा दिवस वेगळा, शिकवायला येणारे सर किंवा मॅडम वेगळ्या, मिळालेली फाईलसुद्धा वेगळी. वह्यांच्या दिवशी शेळीचं नाव निघत नाही आणि शेळीच्या दिवशी वहीचं नाव निघत नाही. घरी आल्यावर मात्र शेळी आणि हिशोब एकाच अंगणात बांधलेले असतात.

गावभेटीत मला एक वाक्य सारखं ऐकू येतं, "मॅडम, शिकवतात तेव्हा सगळं कळतं, घरी आल्यावर जमत नाही." तुमच्यातल्या बऱ्याच जणी हे म्हणताना स्वतःलाच दोष देतात. "आमचं डोकंच चालत नाही," "सातवीत शाळा सुटली, आता काय होणार," असं म्हणतात. मला वाटतं, दोष डोक्याचा नसतो. विषयांचे तुकडे करून शिकवलं की ते तुकडे जोडायचं काम शिकणाऱ्या बाईवर पडतं, आणि ते जोडायचं कसं हे कोणी सांगतच नाही.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी दोन विषय मुद्दाम एकत्र शिकवतात. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये ही पद्धत बरीच वर्षं चालू आहे. तिथं ती कशी चालते, तिचा उपयोग काय होतो, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्या गटात तिचं काय करता येईल, हे या लेखात सांगते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

नावावरून मोठं वाटतं, पण कल्पना साधी आहे. आपल्या भागातल्या लोकांसाठी, कमी फीमध्ये, प्रवेशाला फार अटी न लावता चालणारं कॉलेज. अमेरिकेत अशी सुमारे १,००० कॉलेजं आहेत. यातलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली सुरू झालं. तिथं दोन वर्षांची पदवी घेता येते किंवा काही महिन्यांचं प्रमाणपत्र घेता येतं. पुढं शिकायचं असेल तर मोठ्या विद्यापीठात जाता येतं.

महत्त्वाचं म्हणजे तिथं फक्त अठरा वर्षांची मुलं-मुली येत नाहीत. दिवसा काम करून संध्याकाळी येणारे असतात, लेकरं सांभाळून येणाऱ्या बायका असतात, दुसऱ्या देशातून आलेले आणि इंग्रजी न येणारेही असतात. म्हणजे शाळा मध्येच सुटलेली आणि आता पुन्हा शिकायचं ठरवलेली माणसं. आपल्या गटातल्या कितीतरी जणींसारखीच.

आपल्या देशातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. मराठीत त्याला समुदाय महाविद्यालय म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या कॉलेजच्या पाटीवर हे नाव दिसलं तर आत जाऊन चौकशी करायला हरकत नाही.

दोन विषय जोडतात म्हणजे नक्की काय करतात?

याचे ढोबळ दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार जोडवर्गाचा. एकाच तुकडीतली मुलं दोन्ही विषयांना सोबत बसतात आणि दोन्ही विषयांचे शिक्षक आधी बसून ठरवतात की कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं. समजा एक विषय आरोग्याचा आहे आणि दुसरा निबंध-लेखनाचा. मग लेखनाच्या तासाला "माझा आवडता पक्षी" असा विषय येत नाही. आरोग्याच्या तासाला जे वाचलं, त्यावरच लिहायला सांगतात. एकाच अभ्यासात दोन्ही विषय होतात.

न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन भागात किंग्जबरो नावाचं कम्युनिटी कॉलेज आहे. तिथं नव्या विद्यार्थ्यांचे २५ पर्यंतचे गट केले. गटाने पहिल्या सत्रात तीन विषय सोबत घ्यायचे: इंग्रजी, दुसरा एक अभ्यासाचा विषय आणि कॉलेजात अभ्यास कसा करायचा याचा छोटा तास. या प्रयोगात १,५३४ विद्यार्थी होते. चिठ्ठी काढल्यासारखे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला जोडवर्ग दिला, दुसऱ्या भागाला नेहमीसारखं शिकवलं आणि नंतर दोघांची तुलना केली. जोडवर्गातली मुलं इंग्रजीची अडलेली पायरी लवकर ओलांडून गेली, आणि आपण या कॉलेजातले आहोत, आपल्या ओळखीचं कोणीतरी आहे, असंही त्यांना जास्त वाटलं.

गटात बसून शिकल्याचा फायदा तुम्हाला वेगळा सांगायला नको. दहा-बारा जणी एकत्र असल्या की एखादी बैठकीला आली नाही तर दुसरी तिच्या दारात जाऊन विचारते. तिथंही तेच झालं.

दुसरा प्रकार आपल्या जास्त जवळचा आहे. यात एक विषय कामधंद्याचा असतो आणि दुसरा लिहिणं, वाचणं, हिशोब यांचा. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

वॉशिंग्टन राज्यातला प्रयोग

अमेरिकेच्या पश्चिम टोकाला वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. तिथं ३४ कम्युनिटी आणि तांत्रिक कॉलेजं आहेत. पूर्वी तिथं पद्धत अशी होती: शाळा सुटलेल्या माणसाने आधी वाचन, गणित, इंग्रजी पक्कं करायचं आणि मगच कामधंद्याच्या अभ्यासक्रमाला जायचं. ऐकायला बरोबर वाटतं. पाया आधी, भिंत नंतर.

पण आकडे काढले तेव्हा लक्षात आलं की पाया भरता भरताच माणसं निघून जात होती. इंग्रजी शिकायला आलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम १३ जण पुढं कॉलेजच्या एखाद्या विषयापर्यंत पोचत होते. ज्यांना इंग्रजी येत होतं पण शाळा अपुरी राहिली होती, त्यांच्यातलेही शंभरात ३० च पोचत होते. आणि पाच वर्षांत प्रमाणपत्र मिळवणारे किंवा वर्षभराचा अभ्यास पुरा करणारे तर शंभरात ४ ते ६ इतकेच. बाकीचे कुठं गेले? कोणाचं काम बदललं, कोणाचं लेकरू आजारी पडलं, कोणाला वाटलं, "मला नर्सिंगचं काम शिकायचं होतं, वर्षभर नुसतं व्याकरणच चाललंय."

मग २००४ साली दहा कॉलेजांनी वेगळा प्रयोग सुरू केला. त्याचं नाव आय-बेस्ट. यात आधी पाया आणि नंतर धंदा असं ठेवलं नाही, दोन्ही एकदमच सुरू केलं. एका वर्गात दोन शिक्षक. एक धंद्याचा, दुसरा लिहिण्या-वाचण्याचा आणि गणिताचा. नियमच असा की वर्गाच्या किमान निम्म्या वेळेत दोन्ही शिक्षक एकत्र उभे असले पाहिजेत.

रुग्णसेवेचा वर्ग असेल तर पहिल्या मॅडम रक्तदाब कसा मोजायचा ते दाखवतात. त्याच तासात दुसऱ्या मॅडम तो आकडा तक्त्यात कुठं आणि कसा लिहायचा, कोणता आकडा जास्त आणि कोणता कमी, डॉक्टरांना काय शब्दांत सांगायचं, हे शिकवतात. वेल्डिंगच्या वर्गात पत्रा कापायचा असतो, म्हणून अपूर्णांक शिकावे लागतात. अपूर्णांक शाळेत कंटाळवाणे वाटतात, पण पत्रा एक बोट कमी कापला गेला की त्यांची किंमत लगेच कळते.

दोन शिक्षक म्हणजे खर्च जास्त. म्हणून राज्याने अशा वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे नेहमीच्या पावणेदोनपट पैसे द्यायचं ठरवलं. हळूहळू राज्यातल्या सगळ्या कॉलेजांत ही पद्धत पोचली. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की अशा वर्गातले लोक अभ्यासक्रम जास्त प्रमाणात पुरा करतात आणि प्रमाणपत्र मिळवतात. कमाईही त्याच प्रमाणात वाढली, असं मात्र स्पष्ट दिसलं नाही. प्रमाणपत्र हातात आलं तरी नोकरी मिळणं आणि पगार ठरणं या गोष्टी बाजारावर अवलंबून असतात, तिथंही आणि इथंही.

यातून उपयोग का होतो?

मला तीन कारणं दिसतात.

एक, शिकण्याला लगेच अर्थ येतो. भागाकार कशासाठी, हा प्रश्नच उरत नाही, कारण समोर काम पडलेलं असतं.

दोन, लाज कमी होते. "साक्षरतेच्या वर्गाला जाते" असं सांगायला बाई कचरते. "शेळीपालनाच्या कोर्सला जाते" असं सांगताना कचरत नाही. लिहिणं-वाचणं त्यातच होऊन जातं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, दोन विषय शेजारी ठेवल्यावर एखादी गोष्ट अशी दिसते जी एकट्या विषयात दिसतच नाही. हे आपल्याच अंगणातलं उदाहरण घेऊन सांगते.

इंचटेप, शेळी आणि भागाकार

व्यापारी दारात येतो, शेळीच्या पाठीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "पंचवीस किलोची आहे ताई." आपल्याला वाटतं जास्त असेल, पण सांगायचं कशाच्या जोरावर? आता शिवणाची इंचटेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बाजूच्या हाडापर्यंत सरळ लांबी मोजा. दोन्ही इंचात. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. साधारण वजन किलोत येतं.

समजा घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच आहे. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४. त्याला २६ ने गुणलं की २०,३८४. भागिले ६६० म्हणजे जवळजवळ ३१ किलो. व्यापारी २५ म्हणाला होता. जिवंत वजनाचा भाव किलोला ४०० रुपये धरला तर फरक झाला २,४०० रुपयांचा! हा अंदाज आहे, वजनकाटा मिळाला तर काटाच खरा. पण बोलणी करायला हातात काहीतरी आकडा हवा, तो या गुणाकार-भागाकाराने मिळतो.

हेच वजन जंताच्या औषधालाही लागतं. बाटलीवर किती किलोला किती मिली द्यायचं ते लिहिलेलं असतं. कमी दिलं तर जंत पूर्ण मरत नाहीत, आणि पुढं पुढं तेच औषध लागू पडेनासं होतं. काही जंतनाशकं गाभण शेळीला, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, चालत नाहीत. तसं बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा इंग्रजीत. ते एक वाक्य वाचता न आल्यामुळे शेळी गाभडली तर अख्ख्या वर्षाचं उत्पन्न गेलं. म्हणून औषध देण्याआधी पशुसखीला किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचाराच, पण ते वाक्य ओळखायलाही शिका. आता सांगा, हा धडा वाचनाचा, गणिताचा की शेळीपालनाचा?

कर्जाचा हप्ता आणि शेळीचे महिने

आता दुसरं उदाहरण. समजा एका ताईने गटातून २४,००० रुपये कर्ज घेतलं आणि प्रत्येकी ८,००० च्या तीन शेळ्या आणल्या. व्याज महिन्याला शेकडा २. मुद्दल २४ महिन्यांत, दर महिना १,००० रुपये.

व्याज घटत्या शिलकीवर असेल तर पहिल्या महिन्याचं व्याज ४८० रुपये, दुसऱ्याचं ४६०, असं दर महिन्याला २० रुपयांनी उतरत जातं. पूर्ण दोन वर्षांचं व्याज ६,००० रुपये होतं. तेच व्याज सरसकट मूळ रकमेवर धरलं तर ११,५२० रुपये होतं. दर दोन्हीकडे शेकडा २ च, पण फरक ५,५२० रुपयांचा. कोणी "शेकडा दोनच आहे हो" असं म्हटलं की पुढचा प्रश्न हाच विचारा, घटत्या शिलकीवर की सरसकट?

इथपर्यंत वह्यांच्या प्रशिक्षणात शिकवतात. शेळीपालनाच्या प्रशिक्षणात काय शिकवतात? शेळी साधारण १५० दिवसांत, म्हणजे पाच महिन्यांत विते. पिल्लू विकण्याजोगं व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

आता दोन्ही एकत्र ठेवा. भाकड शेळी आणली, ती भरायला एखादा महिना गेला, मग पाच महिने, मग पिल्लाचे आठ. म्हणजे पहिलं पिल्लू विकून पैसा यायला साधारण १४ महिने. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू! या १४ महिन्यांत १४,००० मुद्दल आणि ४,९०० व्याज मिळून १८,९०० रुपये भरावे लागतात, आणि शेळीकडून एक रुपयाही आलेला नसतो. हे पैसे कुठून येणार? मजुरीतून, नाहीतर दुसऱ्या कर्जातून.

तेच तीन महिन्यांच्या गाभण शेळ्या आणल्या, तर दोन महिन्यांत वितात आणि साधारण दहाव्या महिन्यात पिल्लू विकायला येतं. तोपर्यंत १०,००० मुद्दल आणि ३,९०० व्याज, म्हणजे १३,९०० रुपये भरले जातात. गाभण शेळी महाग मिळते हे खरं, पण आता निदान तुलना करता येते. किंवा कर्ज मागतानाच गटापुढं मांडता येतं की पहिले काही महिने फक्त व्याज घ्या, मुद्दल पिल्लं विकल्यावर सुरू करा. गटाने ठरवलं तर तसं करता येतं.

शेळीपालनाच्या सरांनी हे सांगितलं नाही, कारण हप्ता त्यांचा विषय नव्हता. वह्यांच्या मॅडमनी सांगितलं नाही, कारण पाच महिन्यांचं गाभणपण त्यांचा विषय नव्हता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आणि हप्ता थकला तेव्हा "या ताईला व्यवहार कळत नाही" असा शेरा मात्र ताईला मिळाला.

ही कल्पना आपल्या मातीतलीही आहे

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. तिथून नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढं आली. एखादं हाताचं काम मध्यभागी ठेवायचं आणि त्यातूनच बाकीचे विषय शिकवायचे, हा तिचा गाभा. मूल तकलीवर सूत कातत असेल तर किती सूत निघालं यातून गणित, कापूस कुठं पिकतो यातून भूगोल.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मन न रमलेल्या मुला-मुलींना तिथं शेती-पशुपालन, बांधकाम-वेल्डिंगसारखी वर्कशॉपची कामं, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य अशी सगळी कामं हातानं करत शिकवतात. एकाच धंद्यात न अडकता गावात लागणारी चार कामं जमली पाहिजेत, हा विचार त्यामागं आहे.

आणि खरं सांगायचं तर, स्वयंपाकघरात तुम्ही रोज हेच करता. दहा माणसांचा स्वयंपाक वीस माणसांचा करताना प्रमाण बदलता, गॅस किती दिवस पुरेल याचा अंदाज बांधता, आंबवण्याचा वेळ हवेवर ठरवता. त्याला कोणी विज्ञान-गणित म्हणत नाही इतकंच.

मुलीच्या कॉलेजात काय बदललंय?

ज्यांची मुलगी किंवा सून बारावीनंतर कॉलेजला जातेय त्यांनी हे वाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे आपल्या राज्यातल्या कॉलेजांत आता एक मुख्य विषय आणि त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय घेता येतो. कॉलेजात याला मेजर आणि मायनर म्हणतात. शिवाय काही कारणाने शिक्षण थांबलं तर एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशी सोय ठेवली आहे. मध्येच सोडून जाताना काही अटी असतात, त्या ऑफिसात विचारून घ्याव्यात.

दुय्यम विषय निवडताना बहुतेक मुली "मैत्रिणीने घेतला" किंवा "सोपा आहे" म्हणून निवडतात. तुम्ही घरी बसून तिच्याशी बोला. मुख्य विषय मराठी असेल आणि सोबत संगणकाचा विषय मिळत असेल तर कामाची दारं जास्त उघडतात. अर्थशास्त्राला आकडेवारीची जोड चांगली. मात्र सगळ्या कॉलेजांत सगळ्या जोड्या मिळत नाहीत. म्हणून फॉर्म भरायच्या आधी यादी मागा, आणि एक प्रश्न नक्की विचारा: हे दोन विषय सोबत घेतले तर तासांच्या वेळा आणि एसटीची वेळ जुळते का? गावाकडच्या मुलीचा विषय पुष्कळदा शेवटची एसटीच ठरवते.

आणि ज्यांची स्वतःची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठीही दार बंद नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी, आठवीची परीक्षा देता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी करणाऱ्या बायका तर आपल्या भागातही आहेत.

नुसतं शेजारी ठेवून भागत नाही

एक सावधगिरी सांगते. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांनी दोन विषय जोडले म्हणजे फक्त वेळापत्रक जोडलं. शिक्षक एकमेकांशी बोललेच नाहीत. अशा ठिकाणी फायदा झाला तरी थोडाच झाला आणि लवकर विरला. शेळीपालन सकाळी आणि वह्या दुपारी असं एकाच दिवशी ठेवलं, तर जेवणाचा खर्च वाचेल, पण जोड होणार नाही. दोन्ही प्रशिक्षकांनी आधी तासभर बसून एकच उदाहरण ठरवायला हवं. यात वेळ जातो, पैसाही जातो. वॉशिंग्टन राज्याने जास्तीचे पैसे दिले ते याचसाठी.

शिवाय प्रत्येक गोष्ट जोडायची गरज नसते. कधी कधी नुसता भागाकार घोटावा लागतो. तो घोटलेला असेल तर वर सांगितलेलं गणित पटकन होतं.

आपल्या गटात करून बघा

यासाठी वेगळा निधी लागत नाही. पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा:

१. गटातल्या एका ताईचा चालू धंदा निवडा. तिची तयारी असेल तरच. शेळी, शिलाई, पापड, भाजी, काहीही.

२. दोन जणी पुढं बसवा. एक त्या धंद्यातली जाणकार, दुसरी वही लिहिणारी. दोघींनी आदल्या दिवशी अर्धा तास बोलून घ्यावं.

३. बैठकीची वसुली झाल्यावर अर्धा तास घ्या. जाणकार ताईने धंद्याचे महिने सांगावेत: माल कधी लागतो, तयार कधी होतो, पैसा कधी येतो. वही लिहिणाऱ्या ताईने त्याच महिन्यांखाली हप्ता लिहावा. एका मोठ्या कागदावर, सगळ्यांना दिसेल असं.

४. जिला लिहिता येत नाही तिला कागदावर बोलवा. ती चित्र काढेल, खडे मांडेल. पण पेन एकदा तरी तिच्या हातात द्या.

५. शेवटी एकच प्रश्न विचारा: कोणत्या महिन्यात हप्ता आहे आणि पैसा नाही? त्या महिन्याचं काय करायचं ते गटाने मिळून ठरवावं.

आणखी एक. पुढच्या वेळी कोणी प्रशिक्षणाचं सांगायला आलं, मग ती मी असेन किंवा दुसरं कोणी, तर विचारा, "यात हिशोब आहे का? आणि हिशोबाच्या प्रशिक्षणात आमचा धंदा आहे का?" दहा गटांनी हा प्रश्न विचारला की वेळापत्रक बनवणाऱ्यांना तो ऐकावाच लागेल. प्रशिक्षणाच्या सतरंजीवर तुम्ही तुमची एक दिवसाची मजुरी सोडून बसता. त्या दिवसाचं काय करायचं ते विचारायचा हक्क तुमचा आहे.

तुमच्या गटाने कागद तयार केला की त्याचा फोटो आपल्या ग्रामसंघाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. अक्षर वाकडं असलं तरी चालेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक